ओक थेंबाने मोजा: काळ्या बिअरविषयी वाचकांचे प्रश्न

मागच्या अंकात स्टाउट आणि पोर्टर या काळ्या बिअरविषयी लिहिताना ओकच्या पिंपात मुरवलेल्या बिअरचा विषय एका वाक्यात आटोपला होता. त्या एका वाक्यावरच सगळ्यात जास्त पत्रं आली. ओकच्या लाकडाची आणि व्हिस्की-रमची चव काळ्या बिअरमध्ये कशी आणायची, किती आणायची आणि बिघडली तर काय करायचं, असे प्रश्न त्यांत होते. निवडक प्रश्नांची उत्तरं इथे देत आहोत.

आधी कायद्याचं बोलून घेऊ. महाराष्ट्रात मद्य तयार करायला 1949 च्या मद्यनिषेध कायद्याखाली परवाना लागतो, आणि ‘घरच्यापुरतीच करतो हो’ या सबबीला तिथे जागा नाही. त्यामुळे बिअर बनवण्यासंबंधीची उत्तरं दोन प्रकारच्या वाचकांसाठी आहेत. एक, परवानाधारक मायक्रोब्रुअरीत काम करणारे. दुसरे, घरी बिअर बनवायची मुभा असलेल्या देशांत राहणारे आपले नाशिककर. अमेरिकेत केंद्रीय पातळीवर ही मुभा 1978 च्या कायद्याने मिळाली: घरात एक प्रौढ असेल तर वर्षाला 100 गॅलन, दोन किंवा अधिक असतील तर 200. बाकीच्यांनी हिरमुसू नये. काहीही न आंबवता करता येईल असा एक प्रयोग दुसऱ्या उत्तरात आहे.

प्रश्न: मी मूळचा नाशिकरोडचा, आता ओहायोत राहतो. 19 लिटर इम्पीरियल (जास्त अल्कोहोलची) स्टाउट तयार आहे. सुरुवातीची घनता 1.085 होती, आता 1.022 वर थांबली आहे. घरात ओकच्या 60 ग्रॅम ढलप्या आणि बर्बनची (अमेरिकन व्हिस्कीची) 750 मिलीची बाटली आहे. दोन्ही एकदम फर्मेंटरमध्ये (आंबवण्याच्या भांड्यात) टाकू का?

टाकू नका. दोन्ही आकडे मोठे आहेत, आणि एकदा बिअरमध्ये उतरलेली लाकडाची चव सहजी परत काढता येत नाही.

हिशेब बघा. साखर आंबून घनता जेवढी उतरते त्यावरून अल्कोहोल कळतं, त्यानुसार तुमची बिअर साधारण 8.3 टक्क्यांची आहे. 45 टक्क्यांच्या बर्बनची अख्खी बाटली ओतली तर ती 9.7 च्या आसपास जाईल. आकडा फार भयंकर वाटत नाही, पण चवीच्या भाषेत दर 100 मिली बिअरमागे जवळजवळ 4 मिली बर्बन झालं. बहुतेक जिभांना 1 ते 2.5 मिलीच्या दरम्यान ‘पिंपातली बिअर’ वाटते. त्यापुढे स्टाउटचं भाजकं माल्ट (मोड आणून वाळवलेलं धान्य) मागे पडतं आणि ग्लासात पातळ केलेली व्हिस्की उरते. ढलप्यांचंही तसंच. पातळ ढलप्या असतील तर लिटरमागे 1 ग्रॅम पुरे, तुम्ही तिप्पट घेऊन बसला आहात.

मुळात ढलपी आणि चौकोनी तुकडा यांत फरक करायला हवा. ढलपी पातळ असते, तिचा पृष्ठभाग फार मोठा असतो आणि भाजणी आरपार एकसारखी झालेली असते. ती जे काही द्यायचं ते आठवड्याभरात देऊन टाकते, आणि देते तेही एकाच सुरात. सेंटिमीटरभर जाडीच्या तुकड्यात बाहेरून आत भाजणी उतरत जाते. वरचा थर करपलेला, मधला खरपूस, आतला जवळजवळ कच्चा. पिंपाच्या फळीतही असंच असतं, म्हणून तुकड्यांची चव पिंपाच्या जास्त जवळ जाते. पण त्यांना सहा ते आठ आठवडे द्यावे लागतात. वेळ असेल तर तुकडेच घ्या.

आता पद्धत. मध्यम भाजणीचे 30 ग्रॅम तुकडे काचेच्या बरणीत घ्या, 300 मिली बर्बन ओता, झाकण घट्ट लावा. एक-दोन दिवसांतच रंग गडद व्हायला लागेल. त्या रंगाला भुलू नका, रंग आधी येतो आणि चव मागून. दोन आठवड्यांनी पहिल्यांदा चाखा, तेही अर्धा चमचा अर्क तेवढ्याच पाण्यात मिसळून, कारण नुसत्या स्पिरिटचा, म्हणजे कडक मद्याचा, चटका जिभेला काही कळू देत नाही. व्हॅनिला आणि नारळाची झाक स्पष्ट झाली, पण जिभेला मिठी बसत नाही, अशा टप्प्यावर गाळून घ्या. बहुधा हे तिसऱ्या ते सहाव्या आठवड्याच्या दरम्यान होतं.

मग मोजायचं. पाच ग्लासांत प्रत्येकी 100 मिली बिअर घ्या. पहिला तसाच ठेवा. बाकीच्यांत औषधाच्या दुकानातल्या 2 मिलीच्या सिरिंजने, सुई काढून, अनुक्रमे 0.5, 1, 1.5 आणि 2.5 मिली अर्क घाला. बिअर फ्रिजमधून काढल्या काढल्या चाखू नका, 12 ते 14 अंशांवर येऊ द्या. ग्लासांच्या तळाला आकडे लिहून दुसऱ्या कुणाला तरी त्यांची अदलाबदल करायला सांगा, नाहीतर आपल्याला हवा तोच ग्लास आवडतो. जो आवडेल त्याच्या एक पायरी खालचं प्रमाण धरा. यामागे कारण आहे: बिअरमध्ये गॅस भरला की कार्बोनिक आम्लामुळे तुरटपणा आणि कडवटपणा जास्त टोचतो आणि बुडबुड्यांबरोबर स्पिरिटचा वासही वर येतो. 100 मिलीला 1 मिली म्हणजे 19 लिटरला 190 मिली, हे गणित लक्षात ठेवलं की पुरे.

लाकूड सरळ बिअरमध्ये टाकणारे पुष्कळ आहेत आणि त्यांची बिअर वाईट होते असं नाही. पण त्या वाटेवर ‘आता पुरे’ हा क्षण पकडायला दर तीन-चार दिवसांनी फर्मेंटर उघडावा लागतो, आणि दर खेपेला हवा आत जाते. अर्काच्या बाबतीत तो क्षण बरणीत पकडायचा असतो, आणि 40 टक्क्यांच्या वरच्या स्पिरिटला हवेची आणि जंतूंची फारशी भीती नसते.

प्रश्न: इंदिरानगरमध्ये राहतो. बिअर बनवायची नाही, पण चव समजून घ्यायची आहे. बाजारातल्या बाटलीवर हे करता येईल का?

येईल, आणि बिअर बनवणाऱ्यांनीही सुरुवात इथूनच करावी असं आमचं मत आहे. परवाना आणि वयाची अट पाळून स्टाउटची एक बाटली आणि 180 मिलीची रम किंवा व्हिस्कीची एक क्वार्टर आणा. ओकचे तुकडे वाइनसाठी म्हणून विकले जातात तेच घ्या. धुरावर मांस भाजायला विकतात त्या ढलप्या नकोत. त्या बहुधा कच्च्या लाकडाच्या असतात आणि कशावर साठवलेल्या आहेत हे कळत नाही.

18 ग्रॅम तुकड्यांवर ती क्वार्टर ओतून झाकून ठेवा. नाशिकचा उन्हाळा इथे कामाला येतो. एप्रिल-मे महिन्यांत माळ्याजवळच्या कपाटात 35 अंश सहज असतात आणि त्या उष्णतेत अर्क लवकर उतरतो, म्हणून पहिली चव आठवड्यानेच बघा. ऊन मात्र थेट पडू देऊ नका, आणि बरणी गॅसच्या शेगडीजवळ ठेवू नका. मग 330 मिलीच्या ग्लासात 1.5, 3 आणि 5 मिली असं घालून बघा. 5 मिली म्हणजे पोह्यांचा एक सपाट चमचा. तेवढ्याने ग्लास किती बदलतो हे एकदा पाहिलं की अख्खी बाटली ओतायचा मोह कायमचा जातो.

हीच गोष्ट बनवणाऱ्यांनाही सांगायची आहे. उन्हाळा सोसायचा तो स्पिरिटने सोसावा, बिअरने नाही. 30 अंशांच्या पुढे दोन महिने ठेवलेल्या बिअरला ओल्या पुठ्ठ्याचा वास यायला लागतो, आणि खाली यीस्टचा थर असेल तर सोया सॉससारखी चव उतरते. अर्क माळ्यावर, बिअर थंडीत.

प्रश्न: आमच्या निफाडकडच्या बागेच्या बांधावर सिल्व्हर ओकची झाडं आहेत. ओकच ना शेवटी? वाळवून, भाजून वापरलं तर?

नावाने फसवलं. सिल्व्हर ओक हे मूळचं पूर्व ऑस्ट्रेलियातलं झाड, शास्त्रीय नाव ग्रेव्हिलिया रोबस्टा. खऱ्या ओकशी, म्हणजे क्वेर्कस कुळाशी, त्याचं काही नातं नाही. पानांची खालची बाजू चंदेरी आणि लाकडाचा पोत ओकसारखा दिसतो, म्हणून ते नाव पडलं. या झाडाने काहींच्या त्वचेला ॲलर्जी होते. वारा अडवायला उत्तम, प्यायला नाही.

याच निमित्ताने सागाबद्दल विचारणाऱ्या दोन पत्रांनाही उत्तर देतो. सागात तेलकट घटक असतात, त्यांच्यामुळेच त्याला वाळवी लागत नाही. ते स्पिरिटमध्ये उतरावेत असं कुणालाही वाटणार नाही. बाभळीची साल आपल्याकडे गुळाच्या दारूत पूर्वापार वापरतात हे खरं, पण ती तुरटपणासाठी, आणि भाजक्या स्टाउटमध्ये तुरटपणाची कमतरता कधीच नसते. हिमालयात बांज नावाचा खरा ओक आहे. तरी ओक असणं एवढ्याने भागत नाही. पिंपाचं लाकूड उघड्यावर पाऊस-ऊन खात दीड ते तीन वर्षं पडून असतं. त्यात टॅनिन नावाचे कच्चे, तुरट घटक धुऊन जातात, मग भाजणी होते. घरच्या ओव्हनमध्ये तासाभरात ते साधत नाही.

प्रश्न: बर्बन महाग पडतं. आपली रम किंवा देशी व्हिस्की चालेल का? की त्यातली साखर त्रास देईल?

रम चालते, आणि काळ्या बिअरला आमच्या मते बर्बनपेक्षा जास्त शोभते. मळीचा गडदपणा आणि भाजक्या माल्टची कॉफी एकमेकांना धरून असतात. आपल्याकडच्या बहुतेक रम-व्हिस्कींवर 42.8 टक्के लिहिलेलं असतं. अर्क काढायला ते अगदी योग्य. लाकडातले सुवासिक घटक अल्कोहोलमध्ये चांगले विरघळतात आणि तुरट टॅनिन पाण्यात, त्यामुळे 40 ते 60 टक्क्यांच्या दरम्यान दोन्हींचा मेळ बसतो. 19 लिटरच्या 9 टक्क्यांच्या बिअरमध्ये अशी 300 मिली घातली तर अल्कोहोल अर्ध्या टक्क्याने वाढतं, त्याहून जास्त नाही.

देशी व्हिस्कीचं मात्र लेबल वाचा. स्वस्त व्हिस्कीत मळीपासून काढलेलं तटस्थ स्पिरिट बरंच असतं, त्यात लाकूड जवळजवळ नसतंच. ती नुसती ओतली तर बिअर तिखट होते, ओकची होत नाही. तुकड्यांवर मुरवायला ती वाईट नाही, कारण चव तुकडेच देणार असतात. सिंगल माल्ट तुकड्यांवर ओतू नका, पैशांची नासाडी आहे. ती आधीच ओकमध्ये राहून आलेली असते. घालायचीच तर शेवटी, मोजून, तशीच घाला. ब्रँडी घेताना ती खरोखर द्राक्षाची आहे का ते लेबलवर बघा.

साखरेची शंका बरोबर आहे. काही डार्क रममध्ये गोडवा घातलेला असतो. ओळखायचं असं: दोन चमचे रम उथळ बशीत घ्या आणि बशी गरम पाण्याच्या भांड्यावर ठेवून ती आटू द्या. शेगडी आधी बंद करा, वाफेला पेट घेऊ देऊ नका. खाली बोटाला चिकटणारा थर उरला तर साखर किंवा कॅरमेल आहे. बाटलीत दुसऱ्यांदा आंबवायची बिअर असेल तर त्या साखरेचाही गॅस होणार, म्हणून बाटल्या भरताना फेसासाठी घालायच्या साखरेत तेवढी कपात करा. केगमध्ये, म्हणजे दाब सोसणाऱ्या धातूच्या पिंपात, बाहेरून गॅस भरणार असाल आणि थंड ठेवणार असाल तर फरक पडत नाही.

गावठी दारू वापरू का असं एका पत्रात होतं. नाही. मिथेनॉल आहे की नाही हे वासाने, रंगाने किंवा काडी लावून कळत नाही. सीलबंद बाटलीच घ्या.

प्रश्न: दिंडोरीकडच्या एका वायनरीत काम करतो. रेड वाइनसाठी पाच वर्षं वापरलेली 225 लिटरची फ्रेंच ओकची पिंपं काढून टाकणार आहेत. शहरात मायक्रोब्रुअरी चालवणाऱ्या मित्राला ती काळ्या बिअरसाठी उपयोगी पडतील का?

पडतील, पण त्याला जे हवंय ते बहुधा मिळणार नाही. वाइनच्या तीन-चार खेपांनंतर पिंपातलं ओक जवळजवळ संपलेलं असतं. तुमची वायनरी ती काढून टाकतेय ती याच कारणाने. अशा पिंपातून व्हॅनिला येणार नाही. येईल ती फळीत मुरलेली वाइन, फळ्यांच्या फटींतून झिरपणारी थोडी हवा, आणि लाकडात राहणारे पाहुणे. ब्रेटानोमायसिस नावाचं यीस्ट फळीत काही मिलीमीटर आत जाऊन बसतं. गरम पाण्याने पृष्ठभाग धुतला जातो, आतलं घर शाबूत राहतं.

अमेरिकेत बर्बनच्या पिंपांची जी परंपरा पडली तिचं कारण वेगळं आहे. तिथल्या नियमानुसार बर्बन नव्या, आतून जाळलेल्या ओकमध्येच ठेवावं लागतं. म्हणून 53 गॅलनची, म्हणजे सुमारे 200 लिटरची, एकदाच वापरलेली पिंपं मुबलक सुटतात आणि त्यांच्या फळ्यांत काही लिटर बर्बन अजून मुरलेलं असतं. शिकागोच्या गूज आयलंडने 1990 च्या दशकात त्यांत इम्पीरियल स्टाउट भरली आणि तो प्रकार जगभर गेला. म्हणजे ती चव ताज्या स्पिरिटच्या पिंपाची आहे, थकलेल्या वाइनच्या पिंपाची नाही.

तरीही घ्यायचंच असेल तर आधी बुचाच्या भोकाला नाक लावा. व्हिनेगर, नेलपॉलिश किंवा बुरशी, यांतला एकही वास आला तर ते पिंप कुंड्यांसाठी सोडून द्या. वास स्वच्छ असेल तर 80 ते 85 अंशांचं वीसेक लिटर पाणी घालून, बूच लावून, सगळ्या बाजूंनी लोळवा. बूच सोडताना वाफेचा दाब असतो, तोंड दूर ठेवा. पाणी काढून गार पाण्याने काठोकाठ भरा आणि 24 ते 48 तास राहू द्या. मार्च ते मे नाशिकची हवा इतकी कोरडी असते की रिकामं पिंप आठवड्याभरात आकसतं आणि कड्या हातानेही सरकायला लागतात. 48 तासांनंतरही गळत असेल तर कड्या ठोकून बसवा. त्यानंतरही गळलं तर नाद सोडा.

एक धोका तुमच्या वायनरीतल्या सवयीचा. रिकाम्या वाइनच्या पिंपात गंधकाची कांडी जाळतात. स्पिरिटचं पिंप असेल तर ते चुकूनही करू नका. आतली अल्कोहोलची वाफ पेटते आणि पिंप फुटतं. स्पिरिटचं पिंप मिळालं तर धुऊ नका, बूच घट्ट ठेवा आणि शक्य तितक्या लवकर भरा.

भरल्यावर चव बघायला बूच काढायचं नाही. पिंपाच्या सपाट तोंडावर साधारण 2.8 मिलीमीटरचं भोक पाडून त्यात स्टेनलेस स्टीलचा खिळा ठोका. खिळा काढला की बारीक धार येते, परत ठोकला की बंद. साधा लोखंडी खिळा वापरला तर टॅनिन आणि लोखंड मिळून शाईसारखा काळा डाग पडतो आणि बिअरला धातूची चव येते. आपल्या हवेत उडून जाणारंही पुष्कळ असतं. स्कॉटलंडमध्ये वर्षाला साधारण 2 टक्के माल पिंपातून उडतो, बंगळुरूच्या व्हिस्की मुरवणाऱ्यांना हाच आकडा 10 च्या वर सोसावा लागतो. नाशिकमध्ये पिंप वातानुकूलित खोलीत नसेल तर वरची पोकळी वाढत जाईल आणि पोकळी म्हणजे व्हिनेगरला आमंत्रण.

आम्हाला विचाराल तर तुमच्या मित्राने बिअर स्टीलच्या टाकीतच ठेवावी आणि तीत भाजलेल्या ओकच्या फळ्या सोडाव्यात. वायनरीही हे सर्रास करतात, तुम्हाला पुरवठादार माहीत असेल. लहान पिंप घेण्याचा विचार असेल तर एवढं ध्यानात ठेवा: 200 ऐवजी 20 लिटरचं पिंप घेतलं तर लिटरमागे लाकडाचा स्पर्श दुपटीहून थोडा जास्त होतो. 200 लिटरला सहा महिने लागत असतील तर त्याला तीन महिन्यांच्या आत बघावं लागेल, आणि नवं कोरं असेल तर पहिली खेप दोन-तीन आठवड्यांतच तुरट होईल.

आणि परवाना असला तरी बिअरमध्ये तयार स्पिरिट ओतण्याआधी उत्पादन शुल्क विभागाची लेखी मंजुरी घ्यायला सांगा. बिअर आणि स्पिरिट यांवरचं शुल्क वेगळं असतं.

प्रश्न: अमेरिकन की फ्रेंच? आणि हलकी, मध्यम, कडक भाजणी यांत निवडायचं कसं?

अमेरिकन ओकमध्ये लॅक्टोन जास्त, म्हणून ओल्या नारळाचा आणि व्हॅनिलाचा ठळक वास. फ्रेंच ओकमध्ये टॅनिन जास्त, वास मसाल्याकडे, लवंगेकडे झुकतो. लवंगेतलं युजेनॉल ओकमध्येही असतंच. गोडसर, जाड स्टाउटला अमेरिकन चालतं. कोरड्या पोर्टरला फ्रेंच, पण निम्म्या हाताने.

भाजणीचं गणित चकलीच्या भाजणीसारखंच आहे: कमी भाजली तर कच्चट, जास्त भाजली तर करपट. हलक्या भाजणीत ताज्या फळीचा वास राहतो. मध्यममध्ये व्हॅनिलिन सगळ्यात जास्त असतं. कडक भाजणीत ते मोडायला लागतं आणि धूर व कॉफीकडचे वास पुढे येतात. काळ्या बिअरमध्ये भाजकं माल्ट आधीच असतं, तिथे कडक भाजणी घातली की करपट चव दुप्पट होते. मध्यम किंवा मध्यमच्या किंचित वर, एवढंच ठेवा.

प्रश्न: सूचनेप्रमाणे ढलप्या घातल्या, दोन आठवडे ठेवल्या. आता बिअर कच्ची सुपारी चघळल्यासारखी लागते. वाचवता येईल?

ढलप्यांना दोन आठवडे फार झाले. आधी लाकूड बाहेर काढा, तुरटपणा अजून वाढतोच आहे. मग हा तुरटपणा कुठला ते बघा. जीभ आणि हिरड्या कोरड्या पडत असतील तर ओकचं टॅनिन. घशात मागे राखेसारखं कडू लागत असेल तर तो काळ्या माल्टचा दोष, ओकला शिक्षा नको. दोन्ही असेल तर बहुधा मूळ बिअर पातळ होती. 1.012 वर संपलेली हलकी स्टाउट ओकचा भार पेलत नाही. शेवटची घनता 1.018 ते 1.028 असेल तर उरलेला गोडवा टॅनिनला झाकून घेतो. पुढच्या वेळी हॉप्सचा (बिअरला कडूपणा देणाऱ्या फुलांचा) कडूपणाही थोडा कमी धरा.

सगळ्यात खात्रीचा उपाय मिसळण्याचा. ओक नसलेली तशीच बिअर निम्म्याला निम्मी घाला. ती नसेल तर जिलेटिन: 19 लिटरला 3 ते 4 ग्रॅम, 70 अंशांच्या 200 मिली पाण्यात विरघळवून, 4 अंशांपर्यंत थंड केलेल्या बिअरमध्ये घाला आणि तीन दिवसांनी वरची बिअर काढून घ्या. टॅनिन प्रथिनाला चिकटून खाली बसतं. जिलेटिन प्राणिज असतं, पिणाऱ्यांत शाकाहारी असतील तर आधी सांगा किंवा पीव्हीपीपी ही टॅनिन धरणारी कृत्रिम पावडर वापरा. घाई नसेल तर तिसरा उपाय, थंड जागी तीन-चार महिने विसरून जाणं. टॅनिन हळूहळू मऊ होतं. साखर घालून झाकू नका, यीस्ट ती खाऊन टाकेल आणि तुरटपणा जिथल्या तिथे राहील.

पुढच्या खेपेला ढलप्याच वापरायच्या असतील तर त्यांच्यावर उकळतं पाणी ओतून दोन मिनिटांत निथळून टाका. पाण्यात टॅनिन आधी उतरतं, सुवास मागे राहतो. मोठ्या तुकड्यांना याची गरज नाही. आणि लाकूड आंबवण जोरात चालू असताना घालू नका. जिवंत यीस्ट व्हॅनिलिनचं रूपांतर बिनवासाच्या पदार्थात करतं, म्हणजे तुरटपणा राहतो आणि ज्यासाठी खटाटोप केला ते जातं.

प्रश्न: माझ्या बिअरला दवाखान्यासारखा वास येतो. ओकमुळे का?

क्वचितच. बँडेजसारखा वास असेल तर नळाच्या पाण्यातलं क्लोरीन तपासा. यीस्ट आणि माल्टमधल्या फिनॉलशी त्याचा संयोग झाला की अगदी कणभरही नाकाला कळतं. 75 लिटर पाण्याला क्लोरीन घालवणारी एक कॅम्पडेन गोळी पुरते, किंवा कार्बन फिल्टरचं पाणी घ्या. लाकडी धुरासारखा वास असेल तर कडक भाजणी. गोठ्यासारखा, घोड्याच्या खोगिरासारखा असेल आणि जुनं पिंप वापरलं असेल तर ब्रेटानोमायसिस. आणि नेलपॉलिश किंवा थिनरसारखा चटका असेल तर रमला दोष देऊ नका, आंबवण गरम झालं होतं. पहिले तीन-चार दिवस फर्मेंटर 20 अंशांच्या खाली ठेवला नाही की हे होतंच.

प्रश्न: ओक आणि रम घालून बाटल्या भरल्या. दीड महिना झाला, फेस नाही. एका मित्राच्या बाटल्या मात्र फुटल्या. नेमकं काय चुकतं?

तुमचं यीस्ट थकलं आहे. दोन महिने मुरलेल्या, 9 टक्क्यांच्या पुढच्या बिअरमध्ये जिवंत यीस्ट थोडंच उरतं, त्यात रम पडली. बाटल्या भरताना 19 लिटरला 2 ग्रॅम ताजं कोरडं यीस्ट घालायला हवं होतं, जास्त अल्कोहोल सोसणारं, शॅम्पेनचं चालतं. पाण्यात भिजवून मगच घाला. साखर 95 ग्रॅम पुरे, काळ्या जड बिअरला फार फेस शोभतही नाही. आता भरलेल्या बाटल्या आठवडाभर 24-25 अंशांवर ठेवा आणि दर दोन दिवसांनी हळूच उलट्या करून खालचं यीस्ट हलवा. तरीही काही झालं नाही तर प्रत्येक बाटली उघडून भिजवलेल्या यीस्टचे दोन-तीन थेंब घाला.

मित्राचं उलटं झालं. आंबवण संपण्याआधीच त्याने बाटल्या भरल्या असणार, किंवा रम गोड होती. घनतेचा एक अंश, म्हणजे 1.023 वरून 1.022, बाटलीत आंबला तर साधारण अर्धा व्हॉल्यूम, म्हणजे बिअरच्या निम्म्या आकारमानाइतका, गॅस वाढतो. चार अंशांत बाटली बॉम्ब होते. तीन दिवसांच्या अंतराने घेतलेली दोन मापं अगदी सारखी आल्याशिवाय बाटलीला हात लावायचा नाही. त्याच्या उरलेल्या बाटल्या पोत्यात गुंडाळून थंड करायला सांगा, आणि उघडताना चष्मा व जाड हातमोजे घालायला सांगा.

जाता जाता: आधीच गॅस भरलेल्या केगमध्ये कोरडे तुकडे टाकले की फेसाचा कारंजा उडतो. लाकडाच्या प्रत्येक छिद्रावर बुडबुडा बनतो. तुकडे आधी भिजवलेले हवेत आणि केगचा दाब पूर्ण सोडलेला हवा.

प्रश्न: वापरलेले तुकडे परत वापरता येतात का?

तुकडे येतात. दुसऱ्या खेपेत चव निम्मी आणि वेळ दुप्पट धरा. तिसऱ्या खेपेत फारसं काही उरत नाही. मधल्या काळात वाळवून ठेवू नका, बुरशी धरते. बुडतील एवढ्या स्पिरिटमध्ये झाकून ठेवा. बिअरमधून काढलेले असतील तर आधी स्वच्छ पाण्याने धुऊन मग. ढलप्या एकाच खेपेत रिकाम्या होतात, त्या कुंडीत टाका.